हात ‘आखडलाय’ म्हणजे नेमकं काय? पक्षाघातानंतर स्नायूंची अनैच्छिक हालचाल आणि हातापायांचं काम कसं मोजावं

पक्षाघाताला तीन-चार महिने होऊन गेले की बहुतेक घरांतून एकच तक्रार येते: हात आखडलाय. कोपर छातीशी दुमडलेलं, मनगट खाली वळलेलं, अंगठा मुठीत अडकलेला. फाईल उघडावी तर आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, ‘टोन वाढलेला, ग्रेड २’, म्हणजे स्नायूचा ताण वाढलेला. बस्स, एवढंच. आणि या एका आकड्यावर गोळ्यांचा डोस ठरतो, इंजेक्शन ठरतं.

तो आकडा खोटा नसतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज दडलेली असते. एक म्हणजे, स्नायू रुग्णाच्या इच्छेविरुद्ध काम करतोय. दुसरी म्हणजे, स्नायू अगदी गप्प आहे, पण आठवडेच्या आठवडे आखूड स्थितीत राहून तो स्वतःच आखूड आणि चिवट झालाय. हाताला दोन्ही सारखेच ताठ लागतात. उपाय मात्र एकदम वेगळे. बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन काम करणाऱ्या स्नायूला शांत करतं. जो आधीच शांत आहे त्याला आणखी काय शांत करणार? आणि तिसरी गोष्ट तर त्या आकड्यात मुळी येतच नाही: रुग्ण त्या हाताने करू काय शकतो. ताठरपणा उतरला की हात आपोआप कामाला लागेल, ही आशा मी इतक्या वेळा मोडताना पाहिली आहे की आता पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, या तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत मोजायच्या. एकाच दिवशी, एकाच बैठकीत, पण वेगवेगळ्या.

हा लेख मुख्यतः नव्याने न्यूरो-रिहॅबमध्ये (मेंदू-मज्जातंतूंच्या आजारानंतरच्या पुनर्वसनात) आलेल्या फिजिओथेरपिस्टसाठी आहे. घरच्यांना करता येण्यासारखं जे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

‘अनैच्छिक’मध्ये काय काय येतं

स्पॅस्टिसिटीची पाठ केलेली व्याख्या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांची, १९८०ची: स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा ताणाचा रिफ्लेक्स (आपोआप आकसण्याची प्रतिक्रिया) जोरात येतो. यातला ‘वेग’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढची निम्मी तपासणी त्यावरच उभी आहे. २००५ मध्ये युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने व्याख्या रुंदावली आणि मेंदू-मज्जारज्जूच्या इजेनंतर मधूनमधून किंवा सतत होणाऱ्या सगळ्याच अनैच्छिक सक्रियतेला त्या छत्राखाली घेतलं. व्याख्येवरून वाद घालायला वेळ असेल तर जरूर घाला. मोजताना मात्र मी चार प्रश्न वेगळे ठेवतो.

स्नायू ताणला, विशेषतः झटक्यात ताणला, की आकसतो का? ही स्पॅस्टिसिटी. कुणी हात लावला नाही, रुग्ण नुसता पडून आहे, तरी स्नायू चालूच आहे का? ही स्पॅस्टिक डिस्टोनिया. आरशासमोर उभं राहिल्यावर दिसणारा तो दुमडलेला हात बराचसा हिच्यामुळे. रुग्ण कोपर सरळ करायला जातो तेव्हा दंडाची बेटकुळीही सोबतच आवळते का? हे को-कॉन्ट्रॅक्शन. आणि चौथा प्रश्न, चांगल्या हाताने जोर लावला, खोकला आला, पायावर उभं राहिलं की आजारी हात आपोआप वर येतो का? ही असोसिएटेड रिअॅक्शन.

चौथ्याचं सगळ्यात नाट्यमय रूप जांभईत दिसतं. एरवी बोटभरही न हलणारा हात जांभईबरोबर हळूच छातीपर्यंत उचलला जातो आणि जांभई संपली की खाली येतो. घरात आनंदीआनंद होतो, ‘हात हलला!’ हलला हे खरं, पण हलवला नाही. हा फरक समजावून सांगणं हे मोजण्याइतकंच आपलं काम आहे.

मोजायला बसण्याआधी

माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णाचं कोपर मी रोज व्यायामानंतर तपासायचो. पंधरा दिवसांत ‘२’चा ‘१’ झाला. मी खुशीत तसा अहवालही लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांनी व्यायामाच्या आधी, थंड हात तपासला: २. पंधरा दिवसांत काहीच बदललं नव्हतं. वीस मिनिटं ताणून झालेल्या स्नायूचा ढिलेपणा मी सुधारणा म्हणून नोंदवत होतो. तेव्हापासून मोजमाप आधी आणि व्यायाम नंतर, हा क्रम मी मोडलेला नाही.

अटी कागदावर लिहूनच ठेवा: दिवसाची वेळ, बॅक्लोफेनसारखी ताठरपणा उतरवणारी गोळी घेऊन किती तास झाले, शेवटचं इंजेक्शन कधी, रुग्ण पडलेला की बसलेला, डोक्याखाली उशी होती की नव्हती. उशी हा बारकावा वाटेल, पण मानेच्या स्थितीने हाताचा टोन बदलतो, म्हणून डोकं मधोमध आणि दर वेळी तसंच. खोली गार नको. लघवी करून यायला सांगा. भरलेलं मूत्राशय ताठरपणा वाढवतं. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, पायात रुतणारा बूट, बेडसोर, आत वळलेलं नख, यांतलं काहीही वाढवतं. म्हणूनच गेल्या महिन्यापेक्षा आकडा अचानक चढलेला दिसला तर आधी औषध वाढवू नका, आधी दुखतंय कुठे ते शोधा.

खांदा तपासून घ्या. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल होऊन खाली उतरलेला असू शकतो आणि तो दुखत असेल तर रुग्ण हात आवळूनच धरेल. तुम्ही मोजाल ती वेदना. झटक्यात ताणून बघायची चाचणी (ती पुढे येते) दुखऱ्या सांध्यावर, ताज्या फ्रॅक्चरवर किंवा हाडं फार ठिसूळ असतील तिथे करायची नाही.

हात लावण्याआधी बघा आणि विचारा

पहिली पाच मिनिटं रुग्णाला नुसतं बसू द्या, बोलतं करा आणि हाताकडे बघत राहा. बोलता बोलता कोपर किती दुमडलेलं असतं? मग उभं राहायला सांगा, दहा पावलं चालायला सांगा. मोबाईल एकाच उंचीवर, एकाच अंतरावर ठेवून बाजूने व्हिडिओ घ्या. नंतर तो थांबवून पडद्यावर कोपराचा कोन मोजता येतो: बसल्यावर किती, उभं राहताना किती, चालताना सगळ्यात जास्त किती. असोसिएटेड रिअॅक्शन मोजायला यापेक्षा स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

घरच्यांनी एक वही ठेवावी. रात्री पायात किती वेळा पेटके आले, कशाने आले, झोपमोड झाली का. बाहीत हात घालायला किती मिनिटं लागली. तळहात धुताना मूठ उघडली का. हे रकाने दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा उपचाराची दिशा जास्त ठरवतात, कारण रुग्णाचं गाऱ्हाणं तिथलं असतं, तपासणीच्या टेबलावरचं नाही.

आधी हळू, मग झटक्यात

आता कोपर घ्या. रुग्ण उताणा, दंड अंगालगत. तुमचा एक हात कोपराच्या वर दंडाला आधार देतो, दुसरा मनगटाच्या जरा वर. मूठ धरू नका. तळहातावर दाब पडला की बोटं आणखी आवळतात. सूचना एवढीच: ‘काका, तुम्ही काहीच करू नका. ना मदत, ना विरोध. हात माझ्याकडे सोडून द्या.’

पहिली हालचाल अगदी सावकाश, पाच-सहा सेकंद घेऊन. इतकी हळू की रिफ्लेक्सला जाग येऊ नये. कोपर जिथे थांबेल तिथे गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावा. हळू आणि झटक्यात अशी तुलना करणाऱ्या टार्ड्यू पद्धतीत या कोनाला आर-टू म्हणतात. मग पुन्हा पूर्ण दुमडा, काही सेकंद थांबा आणि जमेल तितक्या वेगाने एकदाच सरळ करा. मध्येच कुठेतरी दाराला साखळी लागावी तसा हात अडकेल. तो अडकण्याचा कोन म्हणजे आर-वन. अडकल्यावर क्षणभराने स्नायू सैल पडतो का, की थरथर सुरू होते, तेही लिहायचं: शून्य म्हणजे विरोध नाही, एक म्हणजे किंचित विरोध, दोन म्हणजे ठरलेल्या कोनावर स्पष्ट झटका आणि मग सुटका, तीन म्हणजे दाब धरून ठेवल्यावर दहा सेकंदांच्या आत थांबणारा क्लोनस (लयबद्ध थरथर), चार म्हणजे त्याहून जास्त टिकणारा. पाच हा आकडा सांधा हलतच नसेल तेव्हाचा.

सगळी मेख या दोन कोनांच्या वजाबाकीत आहे. समजा, कोपर पूर्ण सरळ म्हणजे ० अंश असं धरलं. एका रुग्णात हळू केलं तर हात १५ अंशांपर्यंत सरळ होतो, झटक्यात केलं तर ७० अंशांवर अडकतो. फरक ५५. स्नायूची लांबी जवळपास शाबूत आहे, अडवतोय तो रिफ्लेक्स. दुसऱ्या रुग्णात हळू केलं तरी ५० अंशांच्या पुढे जात नाही आणि झटक्यात ५५वर अडकतो. फरक जेमतेम ५. इथे वेगाने काही बदललंच नाही, म्हणजे स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरणच आखूड झालंय. बोटांना दोघांचे हात सारखेच कडक लागतील आणि अॅशवर्थच्या पट्टीवर दोघांना एकच ग्रेड मिळू शकते.

तर मग अॅशवर्थ टाकून द्यायची का? नाही. ब्रायन अॅशवर्थ यांनी ती १९६४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर औषधाचा परिणाम बघताना वापरली होती. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी तिच्यात ‘१+’ची पायरी घातली आणि आज जगभर चालते ती हीच सुधारित पट्टी. झटपट होते, सगळ्यांना कळते, फाईलींमध्ये जुने आकडे तिचेच असतात. फक्त ती ‘प्रतिकार’ मोजते, प्रतिकाराचं कारण सांगत नाही, हे डोक्यात ठेवा. करताना सांधा साधारण एका सेकंदात पूर्ण पल्ल्यातून न्यायचा. शेवटच्या टोकाला किंचित विरोध, किंवा झटका येऊन सुटणं म्हणजे १. झटका येऊन पुढच्या निम्म्याहून कमी पल्ल्यात हलका विरोध म्हणजे १+. बहुतेक पल्ल्यात स्पष्ट विरोध, तरी सांधा सहज हलतो, म्हणजे २. हलवणंच अवघड म्हणजे ३. एकाच स्थितीत घट्ट म्हणजे ४. १ आणि १+ मध्ये दोन तपासणाऱ्यांचं एकमत होणं कठीण, तेव्हा शक्य तर दर वेळी एकाच माणसाने तपासावं. खात्री करायला सहा-सात वेळा हलवत बसू नका. प्रत्येक वेळी हात थोडा सैल होतो आणि शेवटी तुम्ही स्वतःच्याच व्यायामाचा परिणाम मोजता.

दोन ठिकाणी नवखे हमखास चुकतात. पोटरी तपासताना गुडघा सरळ होता की वाकलेला, हे लिहीत नाहीत. गुडघा सरळ असताना गॅस्ट्रॉक्नेमियस या गुडघ्यावरून जाणाऱ्या पोटरीच्या स्नायूवर ताण येतो. वाकवला की तो ढिला पडतो आणि मुख्यतः त्याखालचा सोलियस उरतो. दोन्ही स्थितींत वेगवेगळं मोजलं तर दोषी कोण ते कळतं, आणि इंजेक्शन कुठे द्यायचं तेही. दुसरं ठिकाण बोटं. मनगट खाली वाकवून धरलं तर बोटं सहज उघडतात, मनगट सरळ करत आणलं की ती मिटू लागतात, कारण बोटांचे लांब कंडर मनगटावरून जातात. मनगटाची स्थिती न लिहिता बोटांचा आकडा लिहिणं म्हणजे पत्त्याशिवाय पत्र टाकणं.

घोट्याचा क्लोनस स्वतंत्र बघा. गुडघा थोडा वाकवून, पाऊल झटक्यात वर ढकलून धरून ठेवा. टाच थडथडायला लागली की ठोके आणि सेकंद मोजा. साधारण सेकंदाला पाच ते आठ ठोके पडतात.

ई.एम.जी.: स्नायू खरोखर चालू आहे का

हाताच्या स्पर्शाने जे ताडलं ते पडताळायचं साधन म्हणजे त्वचेवरून घेतलेली ई.एम.जी., म्हणजे स्नायूतल्या विद्युत संकेतांची नोंद. सगळ्यांकडे यंत्र नसतं. असेल तर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला नको ते इंजेक्शन देणं टळतं. सुई नको, वेदना नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी चालतं. केस काढताना तेवढं वस्तऱ्याने नको, ट्रिमरने काढा.

त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. इलेक्ट्रोडच्या केंद्रांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवा आणि जोडी स्नायूच्या तंतूंच्या दिशेने लावा. जागांबद्दल १९९०च्या दशकात सेनियाम या युरोपीय प्रकल्पाने दिलेल्या शिफारशी अजून प्रमाण मानल्या जातात. बायसेप्ससाठी (दंडाची बेटकुळी) खांद्याच्या हाडाची आतली कडा ते कोपराची खोबण अशी रेष मनात आखायची आणि खोबणीकडून एक तृतीयांश अंतरावर लावायचं. टिबियालिस अँटीरियरसाठी (नडगीच्या पुढचा स्नायू) फिब्युला या पायाच्या बाहेरच्या हाडाचं वरचं टोक ते घोट्याचं आतलं टोक या रेषेवर, वरून एक तृतीयांशावर. पोटरीच्या आतल्या बाजूला जिथे फुगवटा सगळ्यात जास्त तिथे. संदर्भ इलेक्ट्रोड मनगटासारख्या हाडाळ जागी. नेहमी जोडीने बघा: बायसेप्सबरोबर ट्रायसेप्स (दंडामागचा, कोपर सरळ करणारा स्नायू), पोटरीबरोबर टिबियालिस. एका स्नायूची गोष्ट अर्धीच असते.

आता जागांवर मार्करने खुणा करून ठेवा, हाडाच्या खुणेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, फोटो काढा. पुढच्या महिन्यात इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला तर मायक्रोव्होल्ट बदलतात आणि सुधारणा झाली की इलेक्ट्रोड सरकला, हे कुणालाच सांगता येत नाही.

सॅम्पलिंग सेकंदाला किमान १०००, शक्यतो २०००. फिल्टर साधारण २० ते ४५० हर्ट्झ. विजेची घरघर ५० किंवा ६० हर्ट्झवर येते. तिच्यावर नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) मारण्याआधी त्वचा पुन्हा साफ करा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. तारा अंगाला चिकटपट्टीने बांधा. झटक्याच्या चाचणीत लोंबती तार हलली की पडद्यावर मोठी लाट उठते आणि उत्साही माणूस तिला रिफ्लेक्स समजतो. तारेची लाट संथ आणि गोलसर असते, सगळी आधाररेषाच डुलते. स्नायूचा स्फोट दाट, काटेरी, दोन्ही बाजूंना सारखा.

मग याच क्रमाने रेकॉर्ड करा.

सुरुवात विश्रांतीने. रुग्ण पडून आहे, पाच मिनिटं गेली, मग एक मिनिट रेकॉर्डिंग. रेषा सपाट असेल तर स्नायू गप्प आहे. सलग काटेरी पट्टा असेल तर हीच ती स्पॅस्टिक डिस्टोनिया. विश्रांतीची रेषा अशी काटेरी असेल तर पुढच्या चाचण्यांसाठी ‘शांत’ म्हणून ती वापरू नका, यंत्राची खरी आधाररेषा अंदाजायला दुसऱ्या, शांत बाजूच्या स्नायूची मदत घ्या.

दुसरं, सावकाश ताण. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णात हात जिथे घट्ट अडतो तिथेही रेषा सपाटच राहते. हा क्षण मी नातेवाईकांना मुद्दाम दाखवतो. ‘बघा, स्नायू झोपलेला आहे, तरी हात पुढे जात नाही.’ स्प्लिंट आणि सलग ताणून ठेवणं का लागतं, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही.

तिसरं, झटक्याचा ताण, तीन वेळा, मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती. कधी ओढणार ते रुग्णाला आधी कळू देऊ नका. ‘एक, दोन, तीन’ म्हणालात की तो स्वतःच हात सोडतो किंवा धरतो. इलेक्ट्रोगोनिओमीटर (कोन सतत नोंदवणारं यंत्र) जोडलेला असेल तर स्फोट नेमक्या किती अंशांवर सुरू झाला ते मिळतं आणि तो कोन तुमच्या आर-वनशी ताडून बघता येतो. सुरुवात कुठे धरायची? विश्रांतीच्या रेषेची सरासरी अधिक तीन प्रमाण-विचलन ही सर्रास वापरली जाणारी रेघ. ती ओलांडून सिग्नल किमान ५० मिलिसेकंद वर राहिला तरच मोजा.

चौथं, रुग्णाची स्वतःची हालचाल. ‘कोपर सरळ करा.’ ट्रायसेप्स पेटतो का? आणि त्याच वेळी बायसेप्स विझतो का? दोन्ही एकदम पेटले तर रुग्ण एक पाय ब्रेकवर ठेवून गाडी हाकतोय. ट्रायसेप्सच पेटत नसेल तर बायसेप्स शांत करून कोपर फारसं सरळ होणार नाही. हे इंजेक्शनच्या आधी कळलेलं बरं.

पाचवं माझ्या आवडीचं. ‘मूठ घट्ट आवळा... आता सोडा.’ सोडा म्हटल्यापासून बोटांच्या स्नायूची रेषा सपाट व्हायला किती सेकंद लागले? निरोगी हातात ती जवळपास लगेच खाली येते. पक्षाघातानंतर ती रेंगाळते. यंत्र नसेल तर स्टॉपवॉच आणि व्हिडिओवरही हे होतं. ग्लास पकडता येतो पण सोडता येत नाही, ही तक्रार नेमकी इथे आकड्यात उतरते.

शेवटी असोसिएटेड रिअॅक्शन: चांगल्या हाताने डायनॅमोमीटर (मुठीचा जोर मोजायचं साधन) दाबायला लावा आणि आजारी हाताची रेषा बघा. दर वेळी तेवढाच जोर लावून घ्या, नाहीतर तुलना नाही.

मायक्रोव्होल्टच्या टक्केवारीबद्दल एक इशारा. निरोगी माणसात सिग्नल त्याच्या कमाल ऐच्छिक जोराच्या टक्क्यांत मांडतात. पक्षाघातात तो कमाल जोरच तोकडा असतो; भाजक लहान, म्हणून टक्केवारी फुगते. आणि पुढे ताकद सुधारली की अनैच्छिक सक्रियता काहीही न बदलता ‘कमी झाली’ असं दिसतं. म्हणून मी एकाच बैठकीतली तुलना जास्त विश्वासाची मानतो: विश्रांती विरुद्ध हळू विरुद्ध झटका. सोय असेल तिथे मज्जातंतूला विद्युत उद्दीपन देऊन मिळणाऱ्या कमाल एम-वेव्हशी (स्नायूचा थेट प्रतिसाद) तुलना करता येते आणि त्याच तपासणीत एच-रिफ्लेक्सही (मज्जारज्जूमार्गे येणारा प्रतिसाद) मिळतो. पण एच आणि एमचं गुणोत्तर व अॅशवर्थचा आकडा एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे रोजच्या उपचारात मी तिकडे फारसा जात नाही. पेसमेकर असेल तर उद्दीपन देण्याआधी हृदयविकारतज्ज्ञाला विचारा. नुसत्या रेकॉर्डिंगला ती अडचण नाही.

आता काम मोजा

पहिला टप्पा, हालचाल मेंदूच्या ताब्यात किती आली आहे. यासाठी फ्युगल-मेयर ही गुण देऊन करायची चाचणी. स्वीडनमध्ये १९७५ साली मांडली गेली. प्रत्येक घटकाला ०, १ किंवा २. हाताचे एकूण ६६, पायाचे ३४. एक घटक जवळून बघू. रुग्ण बसलेला, आजारी हात विरुद्ध बाजूच्या गुडघ्यावर. ‘हात आजारी बाजूच्या कानापर्यंत न्या.’ एवढ्या एका हालचालीत तुम्ही सहा गोष्टी वेगळ्या बघता: खांदा मागे गेला का, वर उचलला का, हात बाजूला ९० अंश आला का, बाहेर वळला का, कोपर पूर्ण दुमडलं का, तळवा वर फिरला का. बऱ्याच जणांचं कोपर छान दुमडतं आणि खांदा बाहेर वळतच नाही. पाहणारा म्हणतो, ‘हात कानापर्यंत गेला’. गुणपत्रिका सांगते, १२ पैकी ७. तीन प्रयत्न द्या, चांगला असेल तो धरा. आणि आधी चांगल्या हाताने करून घ्या, म्हणजे सूचना समजली की नाही हेही कळतं. बोलण्याचा त्रास असलेल्या रुग्णात हे फार कामी येतं.

दुसरा टप्पा, वस्तू हाताळणं. अॅक्शन रिसर्च आर्म टेस्टमध्ये १९ घटक, प्रत्येकी ० ते ३, एकूण ५७. ठोकळे, चेंडू, ग्लास, छोट्या गोट्या. पाच सेकंदांच्या आत नीट झालं तर ३. झालं, पण वेळ लागला किंवा खांदा-कंबर वाकवून झालं तर २. हा ‘वाकवून’ महत्त्वाचा. पाठ खुर्चीला टेकलेली राहिली पाहिजे, नाहीतर कंबरच हाताचं काम करते. वेळ कमी असेल तर ठोकळ्यांच्या पेटीची चाचणी घ्या: ६० सेकंदांत मधली फळी ओलांडून किती ठोकळे गेले, तो गुण. मुठीची ताकद तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

पायासाठी दहा मीटर चालणं. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन मीटर मोकळे सोडा आणि मधल्या अंतराचा वेळ घ्या, काठी-स्प्लिंट काय होतं ते लिहा. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग असेल तर चालणं बहुधा घरापुरतं राहतं, ०.८च्या वर गेलं की बाहेर मोकळेपणी फिरता येतं.

ज्यांच्या हातात स्वतःची हालचाल अजिबात नाही त्यांना हे सगळं शून्यच येणार. त्यांचं काम वेगळ्या पट्टीवर मोजा: तळहात धुता येतो का, नखं कापता येतात का, काख पुसता येते का, बाहीत हात घालायला किती वेळ. इंजेक्शनचा फायदा बऱ्याचदा इथेच दिसतो, आणि तो लहान नसतो.

आकडे शेजारी-शेजारी ठेवा

एकाच पानावर तीन रकाने करा: प्रतिकार, अनैच्छिक सक्रियता, काम. वरच्या पहिल्या रुग्णाचं पान असं दिसेल: अॅशवर्थ २, कोन १५ आणि ७०, विश्रांतीत रेषा सपाट, झटक्यात मोठा स्फोट, मूठ सोडायला ४ सेकंद, फ्युगल-मेयर ३४. दुसऱ्याचं: अॅशवर्थ २, कोन ५० आणि ५५, सगळीकडे सपाट, फ्युगल-मेयर १८. पहिल्याशी इंजेक्शनबद्दल बोलण्यात अर्थ आहे, दुसऱ्याला ताण देऊन ठेवणारे स्प्लिंट किंवा टप्प्याटप्प्याने प्लास्टर.

इंजेक्शन दिलं तर त्याचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, काही आठवड्यांत शिखरावर जातो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. म्हणून इंजेक्शनच्या आधी एकदा, चार ते सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा मोजा. आठव्या दिवशी मोजून निराश होऊ नका, चौथ्या महिन्यात मोजून ‘काही उपयोग झाला नाही’ असंही लिहू नका.

आकडा हलला म्हणजे रुग्णाला फरक पडलाच असं नाही. हाताच्या फ्युगल-मेयरमध्ये जुन्या पक्षाघातात साधारण ५ गुणांचा बदल रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात, आर्म टेस्टमध्ये ६च्या आसपास, चालण्याच्या वेगात सेकंदाला ०.१६ मीटर. कोनात पाच अंशांचा फरक बहुधा तुमच्या गोनिओमीटरचाच असतो.

आणि पहिला रकाना सुधारला पण तिसरा बिघडला, असंही होतं. पायाचा ताठरपणाच काही जणांना उभं ठेवत असतो. पोटरी सैल केली, अॅशवर्थ ३चा १ झाला आणि चालायला लागल्यावर गुडघा घसरू लागला, तर तो उपचार यशस्वी म्हणायचा का? अशा वेळी रुग्णासमोर तिन्ही रकाने ठेवा आणि पुढचा डोस त्याला विचारून ठरवा.